विश्रांतीचं टेबल

परीक्षकाची लहर वजा केली, की उरतं ते विद्यार्थ्याचं ज्ञान.

हे वाक्य माझं आहे. दोन हजार दहाच्या आगेमागे मी लखनौच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. तिथे मी एक संशोधन प्रस्ताव लिहिला, त्याची सुरुवात या वाक्याने होती. निशातगंजमधल्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर ते टाइप करून झाल्यावर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो एका संशोधन संस्थेत उंदरांवर औषधं तपासायचा. त्याने विचारलं, "आणि लहर कशाने मोजणार?" त्याच दिवशी सकाळी तोंडी परीक्षेत मी एका मुलाला दोन गुण जास्त दिले होते, कारण आत आल्यावर त्याने दार आवाज न करता लावलं होतं. हे प्रस्तावात नव्हतं.

तोंडी परीक्षेला आमच्याकडे सगळे वायवा म्हणत. हिरवं कापड घातलेलं टेबल, पलीकडे परीक्षक, अलीकडे एक लोखंडी खुर्ची. परीक्षकाला हवा तो प्रश्न, हवा तितका वेळ. दुपारच्या जेवणाआधीचे प्रश्न आणि जेवणानंतरचे प्रश्न वेगळे असत, आणि जेवण चौकातल्या कबाबवाल्याकडून आलेलं असेल तर फारच वेगळे.

आमचे विभागप्रमुख या वायवाचे बादशहा होते. निवृत्तीला आलेले, उंच, इस्त्रीचा पांढरा कोट, अस्सल जुन्या लखनौची जबान. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही 'आप' म्हणत, आणि हाच त्यांचा धाक होता. "तशरीफ़ रखिए," म्हणायचे, म्हणजे बसा. उत्तर चुकत गेलं की त्यांचा आवाज खाली खाली जायचा आणि अंग पुढे झुकायचं. शेवटी ते इतक्या हळू आणि इतक्या अदबीने विचारत, की समोरच्या मुलाला स्वतःचं नावही आठवू नये.

मला हे सगळं मोडायचं होतं. माझी योजना अशी: प्रयोगशाळेत अकरा टेबलं. दहा टेबलांवर एकेक ठरलेलं काम, कुठे रक्तदाब मोजायचा, कुठे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या, कुठे हातोडीने गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया दाखवायची. प्रत्येक टेबलाजवळ एक परीक्षक, त्याच्या हातात छापील यादी. विद्यार्थ्याने अमुक केलं तर एक गुण, नाही केलं तर शून्य. परीक्षकाने बोलायचं नाही. चार मिनिटांनी घंटी वाजली, की प्रत्येकाने पुढच्या टेबलावर जायचं. अकरावं टेबल विश्रांतीचं. तिथे काम नाही, परीक्षक नाही. पाण्याचा जग, ग्लास आणि एक गादीची खुर्ची. चार मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, श्वास घ्यायचा. त्याच मुलांचे महिनाभर आधीचे वायवाचे गुण आणि टेबलांवरचे गुण शेजारी ठेवून मी ताडून पाहणार होते.

ही पद्धत मी शोधलेली नव्हती. जगात ती पुष्कळ वर्षं चालू होती. आमच्याकडे ती पोचायला अडचण एवढीच होती, की त्यात परीक्षकाला गप्प बसावं लागतं.

विभागप्रमुखांनी प्रस्तावावर सही केली. सही करताना म्हणाले, "डॉक्टर साहिबा, आप इम्तिहान ले रही हैं या क़वायद करा रही हैं?" मी हसले. महाविद्यालयाच्या समितीनेही मान्यता दिली, आणि वर स्वतःच्या उत्साहात ठरवलं, की टेबलांवरचे गुण अंतर्गत परीक्षेत धरले जातील. ज्याला निम्मे मिळणार नाहीत त्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येणार नाही. तोवर माझं संशोधन कागदावर होतं. आता त्यात माणसं आली.

त्यातली एक मुलगी तराईकडच्या, नेपाळच्या सीमेजवळच्या एका छोट्या गावातून आलेली होती. सगळं शिक्षण हिंदीत. आदल्या वर्षी वायवात दोनदा गप्प बसल्यामुळे ती मागे राहिली होती आणि आता धाकट्या वर्गाबरोबर बसत होती. यंदाच्या वायवातही तिला वीसपैकी दोन मिळाले. दोन कशाबद्दल, असं मी विभागप्रमुखांना विचारलं, तर म्हणाले, तशरीफ़ ठेवल्याबद्दल. पण तिचे हात पाहण्यासारखे होते. पेशी मोजताना ती पूर्ण वर्गाच्या आधी संपवायची आणि तिचा आकडा बरोबर असायचा. टेबलांच्या परीक्षेतही ती नापास झाली असती, तर वर्ष पुन्हा गेलं असतं. घरून तिला सांगून झालं होतं, की आणखी एक वर्ष थांबणं होणार नाही.

ती माझ्या खोलीत आली आणि दाराजवळच उभी राहिली. म्हणाली, "मैम, लिखना आता है, करना आता है। बोलने में ज़बान तालू से चिपक जाती है।"

मी तिला बसवून सांगितलं, की या परीक्षेत तुला कुणी काही विचारणार नाही. टेबलावर जा, काम कर, पुढे हो. आणि विश्रांतीच्या टेबलावर शांतपणे पाणी पी. तिने दोनदा विचारलं, की तिथेही कुणी विचारणार नाही ना. मी दोनदा वचन दिलं. मला तिचं भलं हवं होतं, हे खरं आहे. माझ्या पहिल्या वाक्याला एक पुरावा हवा होता आणि तो ही मुलगी होती, हेही तितकंच खरं आहे. या दोहोंतलं मोठं कोणतं, ते मी त्या वेळी तपासलं नाही.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. एक पितळी घंटी अमीनाबादच्या बाजारातून आणली होती. ती मी घरी वाजवून पाहत असे आणि शेजारच्या भाभी दार उघडून बघत. वर्गात वेगळीच घबराट होती. मुलांचा विश्रांतीच्या टेबलावर विश्वास बसत नव्हता. महाविद्यालयात चार मिनिटं कुणी काही न विचारता बसू देईल, हे त्यांच्या अनुभवात नव्हतं. एकाने मला विचारलं, की रेस्टसाठी कोणतं पुस्तक वाचायचं. वसतिगृहात बातमी पसरली, की तिथे झोपेवर प्रश्न असतात. त्यामुळे परीक्षेच्या आधी झोपेचं शरीरक्रियाशास्त्र वाचत बरीच मुलं जागली. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. मराठी तिला समजायची, पण उत्तर हिंदीत द्यायची. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "तो मम्मा, सिलेबस में लिख देतीं ना, कि आराम मतलब आराम।"

एप्रिलमधला दिवस होता. सकाळी नऊलाच प्रयोगशाळा तापली होती. पहिल्या तुकडीत अकरा जण, प्रत्येक टेबलाशी एक. तराईची मुलगी तिसऱ्या टेबलावरून सुरू करणार होती. मी दारापाशी घंटी आणि थांबघड्याळ घेऊन उभी. गुडघ्याच्या टेबलावर आमचे जुने प्रयोगशाळा सहायक रुग्ण म्हणून बसले होते, पायजमा गुडघ्यावर सरकवून. विभागप्रमुख सुरुवातीलाच आले, मला मानेने सलाम केला आणि पाहणी करत आत गेले. अकरावं टेबल खांबाच्या पलीकडे होतं, मला अर्धंच दिसायचं. ते परत गेले असतील असं मी धरून चालले.

पाचवी घंटी झाली तेव्हा एक मुलगा माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "मैम, रेस्ट में नींद नहीं, इंसुलिन पूछ रहे हैं।"

मी दोन पावलं पुढे होऊन खांबापलीकडे पाहिलं. छताचा एकच पंखा धड चालत होता, तो त्या टेबलावर होता. गादीची एकच खुर्ची प्रयोगशाळेत होती, तीही तिथेच. आणि त्या खुर्चीवर विभागप्रमुख बसले होते. समोर एक स्टूल ओढून घेतलं होतं. त्यावर एक विद्यार्थिनी घामाघूम होऊन ग्लासाकडे बघत होती. सरांसमोर एक कागद होता आणि त्यावर ते गुण लिहीत होते. ज्या टेबलाला कामच नव्हतं, ते पाहून त्यांना वाटलं असावं, की हे त्यांच्यासाठीच ठेवलं आहे. पस्तीस वर्षं परीक्षा घेतलेल्या माणसासमोर कुणी येऊन बसलं, तर तो दुसरं काय करणार.

मुलगी तेव्हा आठव्या टेबलावर पोचली होती. तिच्यात आणि विश्रांतीत तीन टेबलं, म्हणजे बारा मिनिटं.

मी मधल्या वेळात सरांकडे गेले आणि म्हटलं, की आपल्या खोलीत चहा लावला आहे. ते म्हणाले, "यहीं मँगवा लीजिए, यहाँ हवा अच्छी है।" हे विश्रांतीचं टेबल आहे, असं त्यांना सांगणं मला जमलं नाही. आज लिहिताना ते अगदी सोपं वाक्य वाटतं. पण विभागप्रमुखांना खुर्चीवरून उठायला सांगणारं वाक्य त्या इमारतीत तोवर कुणी बोललं नव्हतं. माझी जीभ टाळूला चिकटली.

सहावी घंटी, सातवी, आठवी. मुलगी प्रत्येक टेबलावर खाली मान घालून काम करत होती, कुणाकडे न बघता, झपाट्याने. शेवटी ती खांबापलीकडे गेली. मला तिची वेणी आणि अर्धी पाठ दिसत होती. सरांचे ओठ हलले. प्रश्न विचारून झाला. मग काहीच नाही. मी घड्याळ बघितलं. एक मिनिट. पंख्याचा आवाज येत होता, तिचा नाही. दीड मिनिट. सर पुढे झुकले. ते झुकणं मला ओळखीचं होतं. आता आवाज खाली जाईल, आणखी अदबीने विचारतील आणि ती संपेल. मीच तिला इथे आणून बसवलं होतं.

दोन मिनिटं झाली आणि मी घंटी वाजवली.

कुणीही घड्याळ पाहिलं नाही. सगळे उठले. एकाने रक्त ओढलेली नळी तशीच टेबलावर ठेवली. रक्तदाबाच्या टेबलावर स्वयंसेवकाच्या दंडावरचा पट्टा फुगलेलाच राहिला आणि तो हात वर धरून माझ्याकडे बघत बसला. परीक्षकही यादी मिटून पुढच्या यादीकडे वळले. फक्त सरांनी बाही मागे करून मनगटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी घंटीचा दांडा पुसत होते.

दुपारी दुसऱ्या तुकडीच्या आधी मी गादीची खुर्ची कोठीघरात ठेवून दिली. सर परत आले नाहीत. मग मी पहिल्या तुकडीची बेरीज करायला बसले आणि मला पहिला धक्का बसला. मुलीला दहा टेबलांत मिळून शंभरपैकी बावन्न. इतके कमी कसे, म्हणून मी याद्या उलगडल्या. तिचं काम सगळीकडे बरोबर होतं. पण जवळजवळ प्रत्येक यादीच्या डोक्यावर मी स्वतः काही ओळी घातल्या होत्या: रुग्णाला नमस्कार केला, नाव विचारलं, काय करणार ते समजावून सांगितलं, त्रास होतो का विचारलं. तिथे सगळीकडे शून्य. डॉक्टरने बोलावं म्हणून मी त्या घातल्या होत्या आणि घालताना मला फार बरं वाटलं होतं. यात परीक्षकांची लहर कुठेच नव्हती. त्यांनी मी छापलेलं वाचलं होतं.

तरी बावन्न म्हणजे निम्म्याच्या वर. मी श्वास सोडला. तेवढ्यात सरांच्या खोलीतून कागद आला. सुंदर अक्षरात पहिल्या तुकडीतल्या अकरा जणांचे विश्रांतीच्या टेबलावरचे गुण, प्रत्येकी दहापैकी, खाली सही. शेजारी सूचना, की हे बेरजेत धरावेत. मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं: उत्तर नहीं आया, शून्य.

एकशेदहाचे निम्मे पंचावन्न होतात. मी ही बेरीज तीनदा केली.

माझ्यासमोर दोन रस्ते होते. सरांना सांगायचं, की विश्रांतीला गुण नसतात. म्हणजे त्यांनी सकाळभर केलेलं काम कामच नव्हतं, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं. किंवा सांगायचं, की तिला पूर्ण वेळ मिळाला नाही, कारण घंटी मी मुद्दाम वाजवली. पहिल्याने तेच दुखावले असते. दुसऱ्याने माझं संशोधन गेलं असतं. प्रत्येक टेबलावर ठीक चार मिनिटं, असं मी प्रस्तावात दोन ठिकाणी लिहिलं होतं. मी व्हरांड्यात बराच वेळ फेऱ्या मारल्या. गुडघ्याचे सहायक तिथे बाकावर बसले होते. दुपारपर्यंत त्यांच्यावर इतके ठोके पडले होते, की हातोडी घेऊन कुणी जवळून गेलं तरी त्यांचा पाय आपोआप उचलला जात होता. त्यांनी मला विचारलं, "मैडम, तबीयत ठीक है?" मी हो म्हटलं आणि आत गेले.

सरांनी बसायला सांगितलं. मी उभीच राहिले आणि एका दमात सांगितलं. घंटी दोन मिनिटांनी वाजली, चुकून नाही, मी वाजवली. ती मुलगी तुमच्यासमोर गप्प बसली होती, मला ते बघवलं नाही.

ते खुर्चीत पुढे झुकले. आवाज इतका खाली आला, की मला कान द्यावा लागला.

"मेरी घड़ी में भी दो ही हुए थे। मैं देख रहा था, आप कब बताती हैं।"

म्हणजे तोही वायवाच होता. मला किती गुण पडले, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त पहिल्या तुकडीला परत बोलवायला सांगितलं. मी म्हटलं, फक्त त्या मुलीला बोलावलं तरी चालेल. ते म्हणाले, "दो मिनट सबके बाक़ी हैं, डॉक्टर साहिबा।"

चार वाजता अकरा जण पुन्हा आले. प्रत्येक जण नवव्या फेरीत जिथे होता तिथे उभा राहिला. रक्ताची नळी नव्याने भरून दिली गेली. रक्तदाबाच्या स्वयंसेवकाने निमूटपणे दंड पुढे केला. कोठीघरातून गादीची खुर्ची परत आणली, आणि ती आणायला मीच गेले. मुलगी स्टुलावर बसली. मी या वेळी खांबाच्या अलीकडे उभी राहिले नाही, पलीकडे गेले. मग घंटी वाजवली.

सर म्हणाले, "हम पूछ रहे थे, घबराहट में बदन में क्या होता है।"

ती पाण्याच्या जगाकडे बघत होती. पाच सेकंद. दहा. माझ्या हातातल्या घंटीचा लोलक बारीक वाजत होता, तो मी दुसऱ्या हाताने धरला. मग ती माझ्याकडे वळून, सरांकडे न बघता, म्हणाली, "मैम, सुबह भी बताने ही वाली थी मैं। पानी पी रही थी बस। आपने कहा था, पहले पानी पीना।"

सरांनी मान हलवली. "दूसरा गिलास चल रहा था," ते मला म्हणाले. "मैं भर ही रहा था।"

सकाळचं ते झुकणं म्हणजे हे होतं. ते तिच्यासाठी जगातून पाणी ओतत होते.

मुलगी बोलायला लागली. आधी हिंदीत, मग पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांना धरून. पहिल्यांदा तोंड कोरडं पडतं, ती म्हणाली. मग छाती धडधडते, हात गार होतात, पोटात काही राहत नाही. हे का होतं, कोणत्या ग्रंथीतून काय सुटतं, ते तिने क्रमाने सांगितलं. एका ठिकाणी चुकली, सरांनी भुवई उचलली, तिने दुरुस्त केलं. एका ठिकाणी पुन्हा चुकली आणि दुरुस्त केलं नाही. तिचा आवाज लहान होता पण तुटत नव्हता. माझं लक्ष घड्याळावर होतं, आणि दोन मिनिटांना पाच सेकंद उरले असताना मला फार इच्छा झाली, की घंटी थोडी उशिरा वाजवावी. मी वेळेवर वाजवली.

तिला अठ्ठावन्न मिळाले. ती विद्यापीठाच्या परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. तोंडी परीक्षेत कशीबशी, बाकी चांगली. आता ती कुठेतरी डॉक्टर असेल आणि रुग्णाचं नाव विचारत असेल, अशी माझी आशा आहे. तपासलेलं नाही.

माझा शोधनिबंध पुढे दोन वर्षांनी छापून आला. पहिल्या तुकडीचे आकडे मी त्यातून काढून टाकले होते आणि कारण प्रामाणिकपणे लिहिलं होतं: परीक्षकाचा अनपेक्षित हस्तक्षेप. तो परीक्षक कोण, असं विचारणारं पत्र आलं नाही. सुरुवातीचं वाक्य एका तज्ज्ञाने फार आवडल्याचं कळवलं आणि ते तसंच राहिलं. निबंधात पुढे असंही म्हटलं आहे, की अकराव्या टेबलाला कोणतेही गुण नसतात.

महाविद्यालयाच्या दफ्तरात त्या मुलीचं गुणपत्रक आहे. त्यात अकराव्या रकान्यात नोंद आहे: विश्रांती, दहापैकी सहा.